वंशावळ आणि वांगं

आमच्या घराण्यात तीन पिढ्या बाहेरचं रक्त शिरलेलं नाही. हे वाक्य मी चालायला लागण्याआधीच ऐकलं असणार, कारण माझे आजोबा, म्हणजे आबा, ते आल्यागेल्याला पाण्याच्या तांब्याबरोबर देत असत. आबांची आई अकोल्याची. आबांना केलेली मामाची मुलगी, माझी आजी, अर्थातच अकोल्याची. माझ्या बाबांनाही त्यांच्या मामाचीच मुलगी केली, ती माझी आई, त्याच अकोल्याच्या घरातली. मामाची मुलगी करून घ्यायची हा आमच्याकडचा रिवाज. भाच्याचा तो हक्कच समजत. चौथी मुलगी, माझ्या मामाची शालू, माझ्यासाठी पाळण्यात असतानाच ठरवून ठेवलेली होती. रक्त सोडलं तर बाकी सगळं आमच्याकडे बाहेरूनच येत असे. विहिरीवरची मोटर कोइम्बतूरची, शेणखत गवळ्याकडचं, गुलाबाची कलमं पुण्याकडची, आबांचे दात राजकमल चौकातल्या एका दातवाल्याकडचे, आणि वांग्याचं बी दर तीन वर्षांनी तेल्हाऱ्याहून. घरचंच बी तीन सालांच्या वर लावत राहिलं की उतरतं, फळ बारीक होतं, कीड लवकर धरतं, असं आबांचं मत होतं. या बाबतीत त्यांचं मत बरोबर होतं.

मळा अमरावतीहून बडनेऱ्याकडे जाताना डाव्या हाताला होता. आज तिथे मंगल कार्यालय आहे, आणि त्याच्या पार्किंगमध्ये लोखंडी जाळी टाकलेली आमची विहीर आहे. तिच्यावर नवरदेवाची घोडी बांधतात. तेव्हा तिथे झेंडू, शेवंती, निशिगंध, वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि लिंबाची चाळीसेक झाडं होती. उजाडताना मोटर सुरू व्हायची आणि तिच्या घरघरीवर माझी झोप आणखी गाढ व्हायची. मोटर बंद पडली की मी दचकून जागा व्हायचो. आईच्या बोटांना बाराही महिने शेवंतीचा कडवट वास असे, त्यामुळे तिनं हातावर दिलेली गोड वडीसुद्धा शेवंतीच्याच चवीची लागायची. बाबा फार बोलत नसत. आबा बोलत असताना कुणालाच फार बोलावं लागत नसे.

आणि बापू होता. माझा धाकटा भाऊ, माझ्याहून पाच वर्षांनी लहान. बापूच्या दोन्ही हातांना सहा-सहा बोटं होती. पायाचे अंगठे दोन-दोन, एकमेकांना चिकटून बसलेले, एसटीच्या बाकावरच्या प्रवाशांसारखे. कपाळ मोठं, पुढे आलेलं. डोळे एकमेकांपासून जरा लांब. तो उशिरा बसला, पाचव्या वर्षी चालला, आणि बोलायला लागला तेव्हा मोजकंच बोलला. हाक मारली की तो ओ द्यायचा, पण तुम्ही हाक मारल्याचं विसरून गेल्यावर. तरीही मळ्यात त्याचं एक काम पक्कं होतं आणि ते त्याच्याइतकं कुणालाच जमत नसे. लिंबं, गजरे, केळी, जे जे डझनानं विकायचं ते बापू मोजायचा. एकेका बोटाला एकेक लिंबू टेकवायचा, बोटं संपली की "बारा!" म्हणून ओरडायचा. डझनात त्याची कधी चूक झाली नाही. बाजारात आमच्या डझनावर शंका घेणाऱ्याला आबा मळ्यावर आणून बापूचे हात दाखवत.

बापूकडे काही दैवी असावं असं बऱ्याच जणांना वाटे. वॉर्डाच्या निवडणुकीला उभे राहिलेले एक गृहस्थ एकदा नारळ घेऊन त्याच्या पाया पडायला आले. बापूनं त्यांच्या नव्या कोऱ्या उपरण्याला नाक पुसलं. हा शुभशकुन मानून ते गावभर सांगत फिरले आणि पडले.

पण दैव ही बाहेरच्यांसाठीची समजूत होती. घरातली समजूत वेगळी होती. बापूच्या वेळी आईला पाचवा महिना होता, आणि त्या महिन्यात एके दुपारी, ग्रहण चालू असताना, तिनं वांगं चिरलं होतं. एवढंच. हे वांगं आमच्या घरात जितकं चघळलं गेलं तितकं कुठलंच शिजवलेलं वांगं चघळलं गेलं नसेल. ते किती मोठं होतं, काटेरी होतं की गुळगुळीत, चार फाका केल्या की सहा, यावर मतभेद होते. सहा फाका केल्या असं म्हणणाऱ्यांचा जोर जास्त होता. आईनं कधी वाद घातला नाही. तिनं फक्त एक सवय लावून घेतली. रोज सकाळी विळी मांडण्याआधी ती ओसरीच्या दारात उभी राहायची आणि सासऱ्यांना, म्हणजे आबांना, विचारायची, "मामाजी, आज चिरू काय?"

आबा चष्मा लावत, पंचांग उघडत. "थांब व, पायतो," म्हणत. अमावास्या, पौर्णिमा, संक्रांत, नागपंचमी, कुठल्यातरी नक्षत्राचा कुठलातरी चरण. "आज नोको चिरू." न चिरण्याचे दिवस असे वाढत गेले की अर्ध्या वऱ्हाडाला वांगी खिलवणाऱ्या घरात मी बेसन खाऊन वाढलो. बेसन, ठेचा, ज्वारीची भाकरी. नाहीतर मुगवड्यांची भाजी. नाहीतर कढी आणि पुन्हा बेसन. आजही कुणी मोठ्या कौतुकानं माझ्यासमोर झुणका ठेवला की मला पंचांगाचा वास येतो.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हा बापू विहिरीच्या पायरीवरून पडला आणि त्याच्या कपाळाला टाके पडले. टाके घालणारा डॉक्टर तरुण होता, नुकताच शिकून आलेला. त्याला अजून सगळ्याचं कुतूहल होतं. त्यानं कपाळ शिवलं, मग बापूचे हात पाहिले, चपला काढायला लावून पाय पाहिले आणि एक चिठ्ठी लिहून दिली. अकोल्याला एका मोठ्या दवाखान्यात डोक्याच्या आतला फोटो काढायचं यंत्र आलं होतं, आणि महिन्यातून एकदा तिथे मुंबईहून अशा आजारांच्या जाणकार बाई येत. त्यांना दाखवा. चिठ्ठीच्या शेवटी एक ओळ होती: 'घराण्याची संपूर्ण माहिती सांगू शकेल अशी वडीलधारी व्यक्ती सोबत आणावी.'

ही ओळ आबांनी तीन वेळा वाचायला लावली.  मग त्यांनी फेटा मागितला.

"पाय," ते बाबांना म्हणाले, "शिकेल मानूस शेवटी घरानंच इचारते. तुमाले वाटे म्हतारा बडबडते."

योग असा, की त्याच आठवड्यात हिरामण भाट आमच्याकडे उतरलेला होता. हे भाट लोक दर तीन-चार वर्षांनी फिरत येतात, लाल कापडात गुंडाळलेली पोथी सोडतात, तुमची वंशावळ वाचून दाखवतात, नव्या पोरांची नावं तीत चढवतात, चार दिवस जेवतात आणि तूर घेऊन जातात. हिरामणचा आवाज खणखणीत होता आणि भूकही. आबांनी ठरवलं, वडीलधारी व्यक्ती तर आपण आहोतच, पण संपूर्ण माहिती म्हणजे पोथी. तेव्हा हिरामणही अकोल्याला येईल. शिवाय अकोल्याला जातोच आहोत, तर दवाखान्याच्या दुसऱ्या दिवशी माझा आणि शालूचा साखरपुडाही उरकून घेऊ. माझं मत कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी ते माझ्याकडे तेव्हा तयार नव्हतं.

पॅसेंजरनं आम्ही सहाजण निघालो. हिरामण पोथी मांडीवर घेऊन बसला होता, आई साखरपुड्याच्या साडीची पिशवी मांडीवर घेऊन, आणि बापू आईच्या मांडीवर डोकं ठेवून. मूर्तिजापूर येईपर्यंत हिरामणनं डब्यातल्या दोन अनोळखी कुटुंबांना सूर्यवंशात घेतलं होतं.

मामाचं घर म्हणजे आमच्याच घराची दुसरी प्रत. तीच विहीर, तीच शेवंती, भिंतीवर तेच कॅलेंडर. शालू मला मागच्या अंगणात भेटली, म्हणजे तिनंच मला हाक मारून बोलावलं.

"तुले मी पसंत हाय काय रे?"

मी म्हटलं, तसं काही नाही. या उत्तराचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

"मले शेतकी कॉलेजात जायाचं हाय," ती म्हणाली. "तुह्या आबाले सांग ना."

"तू सांग तुह्या बापाले."

"बाप म्हनते आबाले इचार." आणि ती लिंबाच्या झाडावरचा डिंक काढत बसली. सगळा हिशेब असा फिरून आबांपाशी येत होता, आणि आबा बैठकीत फेट्याला खळ देत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बापूच्या डोक्याचा फोटो झाला. त्या यंत्रात तो अगदी शांत पडून राहिला. ते भोक त्याला मळ्यातल्या सिमेंटच्या नळीसारखं वाटलं असावं, तिच्यात तो दुपारी झोपायचा. मग आम्हाला बाईंच्या खोलीत बोलावलं. बाई बारीक चणीच्या होत्या, पायात रबरी चपला, समोर कोरा कागद आणि टोक केलेली पेन्सिल. सोबत मामाही आला होता. बाईंनी बापूची बोटं एकेक हातात घेऊन पाहिली, त्याला डझन मोजून दाखवायला लावलं, आणि त्यानं "बारा!" म्हटल्यावर टाळी वाजवली. बापूनं त्यांना लगेच पसंत केलं. मग त्या म्हणाल्या, "घरातल्या माणसांची माहिती कोण सांगेल?"

आबा उभे राहिले. वंशावळ बसून सांगायची नसते. त्यांनी हिरामणला खूण केली, हिरामणनं लाल कापड सोडलं, घसा साफ केला आणि सुरुवात केली, "आदी सूर्य. सूर्यापासून..."

"इतक्या मागे नको," बाई म्हणाल्या. "आजोबांच्या आईवडिलांपासून पुरे."

"मंग मधातले चौदा मानसं?"

"त्यांना पुन्हा कधीतरी बघू."

हिरामण दुखावला, पण त्यानं पानं उलटली. बाई काढू लागल्या. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल. आबांचा चौकोन झाला. "तुमच्या पत्नी?"

"अकोल्याची. माह्या सख्ख्या मामाची."

बाईंनी गोल काढला आणि चौकोनाला जोडताना एका रेघेऐवजी दोन रेघा ओढल्या. "तुमचे चिरंजीव? आणि त्यांची पत्नी?"

"अकोल्याची. त्याच्या सख्ख्या मामाची."

पुन्हा दोन रेघा. आबा टेबलावर वाकले. "दोन रेघा कायच्या जी?"

"नात्यातलं लग्न असलं की दोन रेघा काढतात."

आबांनी मान वळवून आम्हा सगळ्यांकडे पाहिलं. "पायलं?" ते म्हणाले. "एक त सगळ्याईलेच भेटते."

"आणि हा मोठा मुलगा. याचं लग्न?"

"ठरेल हाय. याच्या मामाची. उद्या साखरपुडा." आबांनी माझ्या चौकोनाकडे बोट केलं. "ओढून टाका दोन रेघा."

बाईंची पेन्सिल थांबली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मामाकडे पाहिलं, आणि रेघ न काढता विचारलं, "घरात आणखी कुणाला जास्तीची बोटं होती? लहानपणी गेलेलं एखादं मूल?"

हिरामणनं पोथी पुढून मागे आणि मागून पुढे चाळली. "असं कोनी नाही."

"मुलींमध्ये?"

"पोरी पोथीत नसतात बाई. त्या जातात सासरी. तिकडच्या भाटाले इचारा."

"लग्नाआधी गेलेल्या मुली?"

"त्या तिकडच्याही भाटापाशी नसतात," हिरामणनं प्रामाणिकपणे सांगितलं.

आई दाराजवळच्या स्टुलावर बापूचा हात धरून बसली होती. आबांच्या समोर ती आपणहून बोललेली मी तोवर ऐकली नव्हती. सकाळचं ते विचारणं सोडून.

"एक होती," ती म्हणाली.

सगळे वळले.

"आत्याबाईले झाली होती." आईची सासू, माझी वारलेली आजी, म्हणजे तिची सख्खी आत्याच. "आमच्या ह्याईच्या पाठची. दहाव्या दिवशी गेली. हातापायाले बापूवानीच बोटं होते. कपाळ असंच होतं."

"तुले कोनं सांगतलं?" आबा म्हणाले.

"त्याईनंच सांगतलं. बापू झाला तवा. माहं डोकं चेपत होत्या अन् सांगत होत्या. कोनाले बोलू नोको म्हने, शपथ घातली. त्याईले म्हनत होते का नागपंचमीले चिरलं म्हनून."

आबा खाली बसले. पंख्याचा आवाज होत होता. घराण्याची संपूर्ण माहिती सांगणारी वडीलधारी व्यक्ती समोरच्या भिंतीवरच्या दातांच्या तक्त्याकडे पाहत राहिली, आणि म्हणाली, "हो. होती."

बाईंनी आबा-आजींच्या दोन रेघांखाली एक छोटा गोल काढला आणि पेन्सिलीनं तो पूर्ण काळा केला. मग माझ्या शेजारचा बापूचा चौकोन काळा केला. "नाव?" त्यांनी गोलाकडे बोट दाखवून विचारलं.

"बारसं झालं नव्हतं," आबा म्हणाले.

मग बाईंनी समजावलं, आणि इतकं सोपं करून समजावलं की पुढे आयुष्यभर मी विद्वानांची भाषणं ऐकताना त्यांची आठवण काढत आलो. बापूच्या मेंदूला डावा भाग होता, उजवा भाग होता, दोन्ही चांगले. मधला जोडणारा पूल तयारच झाला नव्हता. नदीच्या दोन काठांवर दोन गावं आहेत, पूल नाही, त्यामुळे निरोप लांबून वळसा घालून जातो.

"म्हनून ओ उशिरा देते," बाबा म्हणाले. त्या दिवसभरातलं त्यांचं हे एकच वाक्य, आणि बाई म्हणाल्या, अगदी बरोबर.

आजाराचं नाव त्यांनी सांगितलं, अॅक्रोकॅलोसल की असंच काहीतरी. फार दुर्मीळ, म्हणाल्या. शरीर घडवण्याच्या सूचनांच्या प्रत्येकाला दोन प्रती मिळतात, एक आईकडून, एक बापाकडून. एका प्रतीत चूक असली तरी दुसरी सांभाळून घेते, आणि माणसाला जन्मभर पत्ताही लागत नाही. पण एकाच घरातल्या मुली पुन्हा पुन्हा त्याच घरात आल्या, की तीच चूक दोन्हींकडून येऊन भेटायची शक्यता वाढते. तेव्हा उद्याच्या साखरपुड्याचा जरा विचार करा.

आईला हे सगळं कळलं की नाही, मला सांगता येत नाही. ती वाट पाहत होती. बाईंचं बोलणं संपल्यावर तिनं विचारलं, "ग्रहनात वांगं चिरलं, त्यानं नाही होत ना बाई असं?"

"कोण म्हणतं?"

आम्ही सगळ्यांनी पंख्याकडे पाहिलं.

"नाही," बाई म्हणाल्या. "ग्रहणाचा, वांग्याचा, विळीचा कशाचाही संबंध नाही. तुम्ही काहीही केलेलं नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

"लिहून देता काय?"

बाई हसल्या नाहीत. त्यांनी दवाखान्याचा छापील कागद ओढला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'या मुलाच्या आजाराचा वांगे चिरण्याशी काहीही संबंध नाही.' खाली सही केली. आईनं कागद पाहिला आणि म्हणाली, "शिक्का?" तेव्हा शिक्काही मारून दिला. मी पुढे पस्तीस वर्षं ग्रंथालयात काढली, पण इतका उपयोगी कागद माझ्या हाताखालून गेला नाही.

परत आल्यावर मामाच्या बैठकीत दुपारभर खल चालला. आबा सावरले होते. बाईंचा तो चौकोन-गोलांचा कागद त्यांनी मागून आणला होता आणि मांडीवर उलगडून बसले होते. "डाक्टर म्हनते शक्यता," ते म्हणाले. "शक्यता त काय, पावसाचीही सांगतात."

"तेच म्हनतो मी," मामा म्हणाला. "चार पिढ्याचं नातं एका फोटोसाठी तोडाचं काय? साड्या येऊन पडल्या, रोडग्याचं पीठ दळून आनलं."

संध्याकाळच्या रोडग्यांबरोबर वांग्याची भाजी असतेच. मामी टोपलीभर वांगी घेऊन आली आणि विळी आणायला वळली, तर आई उठली, विळी तिनंच घेतली, ती बैठकीच्या मधोमध मांडली आणि वांगं हातात घेतलं. आबा सवयीनं तिच्याकडे पाहून वाट बघू लागले. त्यांचा हात खिशातल्या पंचांगाकडे गेलासुद्धा. तिनं विचारलं नाही. चिरलं.

पहिल्या वांग्याच्या चार फाका झाल्या, दुसऱ्याच्या झाल्या. मग ती मान वर न करता म्हणाली, "मामाजी, वांग्याचं बी तुमी दर तिसऱ्या सालाले तेल्हाऱ्याहून आनता. काहून आनता?"

"घरचं उतरते म्हनून."

"मंग?"

"वांग्याची गोष्ट अलग हाय."

"हो, अलग हाय. वांगं किडकं निंघालं त वांग्याच्या मायले कोनी बोल लावत नाही." तिसरं वांगं. "मले बापू जड नाही मामाजी. एक दिवस जड झाला नाही. बोल जड हाय. आत्याबाईले नागपंचमी लावली, मले ग्रहन लावलं. आता शालूले काय लावसान?" मग ती तिच्या भावाकडे वळली. "दादा, साडी राहू दे पोरीले, कालेजात नेसन. माह्या पोराचा साखरपुडा उद्या होनार नाही."

 विळीवर वांग्याचा करकर आवाज येत होता, आणि मागच्या दारातून शालूचा, अगदी स्पष्ट, "सुटली बाप्पा!" मला थोडं लागलंच. सुटायचं मलाही होतं, पण ते आधी म्हणायचा मान मला हवा होता.

त्या रात्रीच्या जेवणाला आबा दोन रोडगे जास्त जेवले आणि भाजीला नाव ठेवलं नाही. आमच्याकडे याला शरणागती म्हणत.

अर्थात आबांची शरणागतीसुद्धा फेटा बांधूनच असे. अमरावतीला आल्यावर त्यांनी बाईंच्या कागदाला चौकट करून घेतली आणि बैठकीत लावली. पाहुण्यांना ते छडीनं दाखवत: "मुंबईच्या डाक्टरनं काढेल हाय. हे डबल रेघ पाहा. हे काळे केलेले, ते खास. फार दुर्मीळ बिमारी हाय, अशी तशी नाही. तुमच्या घरात सापडनार नाही." बापूला चौकट फार आवडली. येणाऱ्याला तो हाताला धरून न्यायचा, काळ्या चौकोनावर सहावं बोट ठेवायचा आणि म्हणायचा, "हा मी." बाकी आम्ही सगळे नुसत्या रिकाम्या खोल्या होतो, जिवंतांपैकी रंग दिलेला तो एकटा. हिरामण निघण्याआधी त्याच्याकडून आबांनी त्या मुलीचं नाव पोथीत चढवून घेतलं. गोदावरी ठेवलं, तब्बल पन्नासेक वर्षं उशिरा. पोरींचा रकानाच नाही म्हणून हिरामणनं ते समासात आडवं लिहिलं, आणि आडवं लिहायची तूर वेगळी घेतली.

शालू शेतकी कॉलेजात शिकली, पुढे बियाण्यांची तज्ज्ञ झाली. वांग्याच्या कुठल्याशा वाणावर तिचं काम आहे. माझी बायको धामणगाव रेल्वे या गावची, एका रेघेची. बाहेरच्या रक्तानं पहिल्याच आठवड्यात आबांना तोंडावर सांगितलं की या घरात बेसन फार होतं. बापू आज पंचावन्नचा आहे, गुडघे दुखतात, ओ अजून उशिराच देतो. मागे माझ्या मुलीनं तिच्या फोनवर त्याच्या आजाराची सगळी माहिती काढून मला वाचून दाखवली. त्या चुकीला आता अक्षरं आणि आकडा असलेलं नाव आहे. तिनं ते बापूलाही सांगितलं. बापू म्हणाला, "बारा." आकडा सात होता, पण आम्ही दुरुस्ती केली नाही.

गेल्या वर्षी मंगल कार्यालयामागे उरलेलं आमचं जुनं घर रिकामं करताना आबांची पत्र्याची पेटी निघाली. तिच्यात सालवार बांधलेली पंचांगं होती. ग्रंथपालाची सवय वाईट असते. मी बापूच्या जन्माच्या आधीचं साल शोधून काढलं. ग्रहणाच्या पानावर आबांनी लाल पेन्सिलीनं गोल केलेला होता. चंद्रग्रहण. सुरुवात दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटांनी. भर दुपारी चंद्राला ग्रहण लागलं होतं. चंद्र कुणी पाहिला नव्हता, वांगं सगळ्यांनी पाहिलं होतं. लाल गोलाच्या खाली, बारीक टाइपात, छापलेलं होतं: 'हे ग्रहण भारतात दिसणार नाही. वेध वगैरे नियम पाळू नयेत.'

आई ब्याऐंशीची आहे, ऐकू कमी येतं. मी पान तिच्यासमोर धरून मोठ्यानं वाचलं. ती मेथी निवडत होती. तिनं एकदा त्या लाल गोलाकडे पाहिलं.

"मंग त्या दिवशी काय होतं?" तिनं विचारलं.

मी पुन्हा पान पाहिलं. मंगळवार होता.